स्पीकर किती वेळाने हरवतो? संगीताच्या कंट्रोल ॲपचा घरच्या नेटवर्कवरील बिघाड शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात तारेने जोडलेला एक नेटवर्क ॲम्प्लिफायर आणि वायफायवरचे दोन स्पीकर आहेत. नवा मेश संच (घरभर वायफाय पसरवणाऱ्या पेट्यांचे जाळे) आणि त्यासोबत एक छोटा स्विच (तारेची जोडणी अनेक उपकरणांना वाटणारी पेटी) बसवल्यापासून ॲम्प्लिफायर त्याच्या कंट्रोल ॲपमध्ये कधी दिसतो, कधी दिसत नाही. तो बंद करून पुन्हा चालू केला की लगेच दिसतो आणि थोड्या वेळाने नाहीसा होतो. मात्र त्याच वेळी एअरप्लेच्या (ॲपलच्या बिनतारी ध्वनिवहनाच्या) यादीत तो असतो आणि स्पॉटिफायही त्यावर व्यवस्थित वाजते. इंटरनेटचा वेग उत्तम आहे. मग दोष ॲपचा, ॲम्प्लिफायरचा की नेटवर्कचा?

इंटरनेटचा वेग प्रथम बाजूला ठेवावा, कारण फोनवरच्या ॲपला शेजारच्या खोलीतील ॲम्प्लिफायर सापडण्यासाठी इंटरनेट लागतच नाही. वेग मोजून समाधान मानण्यात बहुतेकांचा पहिला तास वाया जातो. दुसरा तास ॲप काढून पुन्हा बसवण्यात जातो. त्याऐवजी मी पहिला प्रश्न एकच विचारतो: उपकरण चालू केल्यापासून किती मिनिटांनी नाहीसे होते? ‘थोड्या वेळाने’ हे उत्तर पुरेसे नाही. घड्याळ लावून आकडा काढावा, कारण या व्यवहारातील प्रत्येक यंत्रणेची स्वतःची मुदत ठरलेली आहे आणि हरवण्याची वेळ बहुधा त्या यंत्रणेकडेच बोट दाखवते.

त्याआधी ॲप नेमके काय करते ते समजून घेऊ. आपल्याला एकच क्रिया वाटत असली तरी फोन आणि स्पीकर यांच्यात चार वेगवेगळी कामे चालतात. पहिले काम शोधाचे: ॲप नेटवर्कवर हाक देते आणि जी उपकरणे ओ देतात त्यांची यादी दाखवते. दुसरे आज्ञेचे: वाजव, थांबव, आवाज वाढव. तिसरे वार्तेचे: आता कोणते गाणे चालू आहे, आवाज किती आहे, हे स्पीकर ॲपला परत कळवतो. चौथे प्रत्यक्ष संगीताच्या वहनाचे. ही चारही कामे वेगवेगळ्या वाटांनी होतात आणि त्यामुळे स्वतंत्रपणे बिघडतात. गाणे वाजते पण पडद्यावर कालचेच नाव अडकून राहते, किंवा स्पीकर यादीत दिसतो पण त्यावर बोट ठेवल्यावर चक्र फिरत राहते, हे एकाच ‘चालत नाही’चे प्रकार नव्हेत.

संगीत कोणत्या वाटेने जाते हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. गाणे चालू असताना फोन विमान मोडवर टाकावा. गाणे चालूच राहिले तर स्पीकर ते स्वतः इंटरनेटवरून किंवा घरातील सर्व्हरवरून आणत आहे आणि फोन केवळ रिमोट आहे. स्पॉटिफाय कनेक्ट आणि गूगल कास्ट सहसा असेच चालतात. गाणे काही क्षणांत थांबले तर ध्वनी फोनमधून जात होता. फोनवरून एअरप्लेने वाजवताना हेच घडते. यावरून स्पॉटिफायचे कोडेही उलगडते. एकदा खात्याशी जोडलेला स्पीकर स्पॉटिफायच्या सर्व्हरमार्फतही यादीत येऊ शकतो, म्हणजे फोनची हाक घरातल्या घरात स्पीकरपर्यंत पोहोचली नाही तरी तो दिसतो. त्यामुळे ‘स्पॉटिफाय चालते, म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हा निष्कर्ष काढता येत नाही.

आता हाकेविषयी. घरगुती ऑडिओ उपकरणांत शोधाच्या दोन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. एअरप्ले आणि गूगल कास्ट एमडीएनएस वापरतात. त्याची हाक २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे उपकरणाच्या क्रमांकित दारावर, जाते. यूपीएनपी आणि डीएलएनए (घरातील उपकरणांना एकमेकांना शोधू आणि चालवू देणारी प्रमाणके) यांवर आधारलेली ॲप एसएसडीपी वापरतात आणि आपल्या ॲम्प्लिफायरचे कंट्रोल ॲपही बहुधा याच प्रकारचे आहे. त्यांची हाक २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर जाते. दोन्ही मल्टिकास्ट आहेत, म्हणजे एका विशिष्ट उपकरणासाठी नसून त्या गटात नाव नोंदवलेल्या सर्वांसाठी आहेत. आणि अशी हाक घरगुती राऊटर एका नेटवर्कातून दुसऱ्या नेटवर्कात नेत नाही. या दोन पत्त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे आणि आपल्या प्रश्नाची किल्ली मला तिथेच दिसते.

अनेक स्विच आणि मेश संचांत आयजीएमपी स्नूपिंग नावाची सोय असते. मल्टिकास्टचा प्रत्येक संदेश सर्व तारांवर पाठवण्याऐवजी, कोणत्या पोर्टवरच्या (येथे पोर्ट म्हणजे तार खोचण्याची जागा) उपकरणाने कोणत्या गटात नाव नोंदवले आहे हे स्विच चोरून ऐकतो आणि संदेश तेवढ्याच पोर्टांवर सोडतो. कल्पना चांगली आहे. परंतु नोंद ताजी राहावी म्हणून नेटवर्कवरील कोणीतरी ठरावीक अंतराने ‘या गटात अजून कोण आहे?’ असे विचारत राहावे लागते. विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. प्रचलित मूलभूत मूल्यांनुसार तो दर १२५ सेकंदांनी विचारतो, उत्तरासाठी १० सेकंद देतो आणि दोन फेऱ्या चुकल्या तर नोंद रद्द होते. दोनदा १२५ अधिक १०, म्हणजे २६० सेकंद. घरात स्नूपिंग चालू असेल आणि क्वेरिअर कोणीच नसेल तर काय होते पाहा: ॲम्प्लिफायर सुरू होताना स्वतःहून नोंद करतो, ॲप त्याला ताबडतोब शोधते आणि चार मिनिटे वीस सेकंदांच्या सुमारास स्विच ती नोंद पुसून टाकतो. त्यानंतर ॲपची हाक ॲम्प्लिफायरच्या पोर्टपर्यंत जातच नाही. ॲम्प्लिफायर जागा आहे, ऐकायला तयार आहे, पण मधला पोस्टमन त्याचा पत्ता विसरला आहे.

मग एअरप्ले कसे दिसते? स्नूपिंग करणाऱ्या स्विचने २२४.०.०.० पासून २२४.०.०.२५५ पर्यंतचे पत्ते गाळू नयेत, ते सर्व पोर्टांवर सोडावेत, असा संकेत आहे आणि बहुतेक स्विच तो पाळतात. एमडीएनएसचा पत्ता या पट्ट्यात बसतो, एसएसडीपीचा बसत नाही. म्हणून एकच ॲम्प्लिफायर, एकच तार आणि एकच फोन असूनही एअरप्लेची हाक पोहोचते आणि यूपीएनपीची अडते. एअरप्ले दिसणे आणि कंट्रोल ॲप आंधळे होणे हे दोन्ही एकत्र आढळले की मी स्विचकडे वळतो. आणखी एक खूण अशी की ॲप उघडे ठेवून आपण दुसऱ्या कामाला लागलो तर दहा-पंधरा मिनिटांनी ॲम्प्लिफायर आपोआप यादीत उगवतो. तो अधूनमधून स्वतःहून आपली जाहिरात करत असतो आणि ॲपची नोंद त्या वेळी जिवंत असेल तर ती जाहिरात फोनपर्यंत येते. पाहणाऱ्याला हा लहरीपणा वाटतो. प्रत्यक्षात तो फार शिस्तीचा बिघाड आहे.

खातरजमा करण्याची पद्धत अशी आहे. ॲम्प्लिफायर बंद करून चालू करावा आणि ॲपमध्ये दिसल्याची वेळ लिहून ठेवावी. पुढे दर मिनिटाला ॲप पूर्णपणे बंद करून, म्हणजे अलीकडील ॲपच्या यादीतूनही काढून, पुन्हा उघडावे. नुसते मागे सरकवून परत आणले तर बरीच ॲप जुनीच यादी दाखवतात आणि चाचणी फसते. चौथ्या मिनिटाला दिसतो आणि पाचव्या-सहाव्याला दिसत नाही असे दोनदा घडले तर निदान जवळजवळ पक्के झाले. शेवटची चाचणी म्हणून ॲम्प्लिफायरची तार नव्या स्विचमधून काढून थेट मुख्य राऊटरमध्ये घालावी. लक्षण गेले तर स्विचच्या सेटिंगमध्ये स्नूपिंग बंद करावे किंवा, सोय असल्यास, मुख्य राऊटरवर वा स्विचवर क्वेरिअर चालू करावा. दहा-वीस उपकरणांच्या घरात मी स्नूपिंग सरळ बंद करतो. त्याने वाचणारी रहदारी किरकोळ असते आणि डोकेदुखी मोठी. घरात मल्टिकास्टवर चालणारी टीव्हीसेवा असेल तर मात्र ते चालू ठेवून क्वेरिअरचीच व्यवस्था करावी, अन्यथा चित्रवाहिनीचा सगळा प्रवाह प्रत्येक तारेवर आणि वायफायवर ओतला जाईल. सेटिंग नसलेल्या साध्या स्विचमध्ये बदलण्यासारखे काही नसते आणि असे स्विच सहसा स्नूपिंगही करत नाहीत. तसे असेल तर संशय मेश संचावर घ्यावा.

आपला आकडा २६० सेकंदांच्या आसपास न येता वेगळाच आला, तर पुढील शक्यता तपासाव्यात.

उपकरण एक क्षणही दिसत नसेल तर दोष मुदतीचा नसून बंदीचा असतो. सर्वांत आधी फोनची परवानगी पाहावी. आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्क वापरण्याची वेगळी परवानगी लागते आणि पहिल्यांदा आलेली ती चौकट लोक घाईत नाकारतात. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधील ‘लोकल नेटवर्क’ या यादीत ॲपचे बटण चालू आहे ना ते पाहावे. चालू दिसूनही शोध लागत नसेल तर ते एकदा बंद करून चालू करावे आणि फोन पुन्हा सुरू करावा. अँड्रॉइडवर जवळच्या उपकरणांची परवानगी आणि काही जुन्या ॲपांसाठी स्थानाची परवानगी तपासावी. मॅक संगणकांवरही २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून अशीच विचारणा होते. विंडोजवर नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल तर फायरवॉल शोधाला अटकाव करते. घरच्या नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ करावे. यानंतर व्हीपीएन, म्हणजे फोनची रहदारी वेगळ्या वाटेने नेणारी सोय. जाहिराती रोखणारी कित्येक ॲप फोनमध्ये व्हीपीएनच्याच रूपाने बसलेली असतात आणि वापरणाऱ्याला ते आठवतही नाही. घरातील एका फोनवर सगळे दिसते आणि दुसऱ्यावर काहीच नाही, अशी तक्रार असेल तर राऊटरला हात लावण्याआधी त्या दुसऱ्या फोनचा व्हीपीएन बंद करून पाहावा.

सर्वच फोनांवर काही दिसत नसेल तर बहुधा फोन आणि स्पीकर वेगवेगळ्या नेटवर्कांत पडले आहेत. मेश संच बसवल्यानंतर हे हमखास घडते, कारण इंटरनेट सेवेसोबत आलेला जुना राऊटरही पत्ते वाटत असतो आणि त्याच्या पाठी बसलेला मेश संचही. फोन मेशवर आणि ॲम्प्लिफायरची तार जुन्या राऊटरमध्ये, अशी फाटाफूट झाली की इंटरनेट दोघांनाही मिळते, पण हाक एकमेकांना ऐकू जात नाही. ओळखण्यासाठी दोघांचे आयपी पत्ते शेजारी लिहावेत. फोन १९२.१६८.६८.२० आणि ॲम्प्लिफायर १९२.१६८.१.३५ असेल तर तिसरा आकडा वेगळा आहे आणि घरगुती मांडणीत तेवढ्यावरून दोन नेटवर्के झाल्याचे सांगता येते. उपाय म्हणजे मेश संच ॲक्सेस पॉइंट किंवा ब्रिज मोडमध्ये ठेवणे, म्हणजे पत्ते वाटणारा एकच राहील. पाहुण्यांसाठीचे गेस्ट नेटवर्क आणि ‘क्लायंट आयसोलेशन’ किंवा ‘एपी आयसोलेशन’ नावाचे सेटिंगही हाच परिणाम घडवते. तिथे पत्ते एकाच मालिकेतले असूनही उपकरणांना परस्परांशी बोलू दिले जात नाही.

येथे एका गैरसमजाबद्दल बोलणे भाग आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘यूपीएनपी’ असे एक बटण असते आणि यूपीएनपी स्पीकर सापडत नाही म्हटल्यावर ते चालू करण्याचा सल्ला हटकून दिला जातो. ते बटण घरातील उपकरणांना बाहेरच्या जगासाठी राऊटरचे पोर्ट आपोआप उघडू देण्याचे आहे. स्पीकर सापडण्याशी त्याचा संबंध नाही. दोन्हींचे कूळ एक असल्याने नाव तेवढे सारखे आहे. मी ते बंदच ठेवतो. तसेच २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ यांना वेगवेगळी नावे दिल्याने शोध सुधारतो ही समजूतही बरीचशी निराधार आहे, कारण एकाच राऊटरचे दोन्ही पट्टे साधारणतः एकच नेटवर्क असतात. निदानापुरते फोन आणि स्पीकर एकाच पट्ट्यावर आणून पाहायला हरकत नाही. त्याने फरक पडला तर पट्ट्यांमधला पूल मल्टिकास्ट नीट नेत नाही एवढे कळते आणि राऊटरचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करण्यास कारण मिळते.

वायफायवरच्या दोन स्पीकरांच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. वायफायवर एका उपकरणाला पाठवलेल्या संदेशाची पोच मिळते आणि पोच न आल्यास तो पुन्हा पाठवला जातो. राऊटरने सर्वांसाठी सोडलेल्या मल्टिकास्टला अशी पोच नसते. तो सहसा सर्वांत मंद दराने एकदाच सोडला जातो आणि हवेत हरवला तर हरवला. म्हणून सिग्नल कमकुवत असलेल्या कोपऱ्यातील स्पीकर वाजतो उत्तम, पण यादीत येताना अडखळतो. येथे वेळेचा ठरावीक आकडा निघत नाही, आणि आकडा न निघणे हीच याची ओळख आहे. स्पीकर मेशच्या नोडजवळ, म्हणजे वायफाय देणाऱ्या पेटीजवळ, आणून पाहिल्यास पाच मिनिटांत खात्री होते.

यादीत नाव दिसते पण त्याला जोडताच येत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा एमडीएनएसच्या मुदतींत असते. त्याच्या प्रमाणकात उपकरणाच्या पत्त्याच्या नोंदीसाठी १२० सेकंदांची आणि सेवेच्या नावासारख्या इतर नोंदींसाठी ७५ मिनिटांची मुदत सुचवलेली आहे. नीट बंद केलेला स्पीकर जाताना निरोप देतो आणि नोंद पुसली जाते; भिंतीवरचे बटण दाबून एकदम वीज तोडली तर निरोप राहून जातो आणि त्याचे नाव तासाभराहून अधिक काळ यादीत भुतासारखे तरंगू शकते. यूपीएनपीतही उपकरणाची जाहिरात किमान १८०० सेकंद ग्राह्य धरावी असा संकेत आहे, त्यामुळे तिथले भूत साधारण अर्धा तास टिकते. हा बिघाड नव्हे.

वीज जाऊन आल्यावर किंवा एक-दोन दिवसांनी त्रास सुरू होत असेल तर पत्तेवाटप पाहावे. स्पीकर राऊटरआधी जागा झाला तर त्याला पत्ता देणारे कोणी नसते आणि तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. राऊटर सुरू झाल्यावर स्पीकर पुन्हा चालू केला की काम होते. दुसरा प्रकार मी माझ्याच घरी अनुभवला आहे. ॲपमध्ये स्पीकर दिसे, पण आज्ञा कधी लागू पडे, कधी नाही. अखेर ब्राउझरमध्ये स्पीकरचा पत्ता टाकला, तर समोर शाईची पातळी दाखवणारे पान उघडले. प्रिंटरला मी कधीकाळी हाताने कायमचा पत्ता दिला होता आणि राऊटरने तोच पत्ता वाटपाच्या यादीतून स्पीकरलाही दिला होता. तेव्हापासून मी उपकरणात पत्ता लिहीत नाही. राऊटरच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटणाऱ्या सेवेत) त्या उपकरणासाठी पत्ता राखून ठेवतो, जेणेकरून वाटणारा आणि राखणारा एकच राहतो.

ब्राउझरची ही चाचणी माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. बऱ्याच नेटवर्क ॲम्प्लिफायरांना स्वतःचे छोटे वेबपान असते आणि घरगुती संगीत सर्व्हरांचे पोर्ट ठरलेले असतात: पूर्वी लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिरिऑनचे वेबपान ९००० वर असते, एमपीडी ६६०० वर ऐकतो. ॲप आंधळे झालेले असताना हे पान उघडले किंवा ॲपमध्ये पत्ता हाताने टाकल्यावर जोडणी झाली, तर वाट मोकळी आहे आणि फक्त हाक अडली आहे. पान उघडलेच नाही तर शोधाच्या सेटिंगांत वेळ घालवू नये. आधी पत्ते, गेस्ट नेटवर्क आणि फायरवॉल पाहावे. सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या प्रणालीत) चालवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की नेहमीच्या ब्रिज मोडमध्ये पोर्ट उघडले तरी मल्टिकास्ट आत पोहोचत नाही, म्हणून पान उघडते पण सर्व्हर सापडत नाही. तिथे होस्ट नेटवर्क, म्हणजे मूळ संगणकाचेच नेटवर्क, वापरावे लागते.

गाण्याचे नाव पडद्यावर न बदलणे हा वार्तेचा दोष आहे. यूपीएनपीत ॲप स्पीकरकडे आपला परतीचा पत्ता नोंदवते आणि बदल झाला की स्पीकर त्या पत्त्यावर उलट जोडणी करतो. फोनवरचा व्हीपीएन किंवा संगणकाची फायरवॉल जाणाऱ्या आज्ञा सोडते, येणारी जोडणी अडवते, आणि मग आवाज कमी-जास्त होतो पण ॲपमधली आवाजाची पट्टी जागची हलत नाही.

गाणे मध्येच तुटणे हे शेवटचे प्रकरण आणि बँडविड्थचा विचार फक्त इथे करावा. सीडीच्या दर्जाचा असंकुचित ध्वनी सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट घेतो. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्‌झचा दोन वाहिन्यांचा ध्वनी ९२१६ किलोबिट. आजच्या वायफायला हे जड नाही, पण एकामागून एक बिनतारी टप्पे असलेल्या मेशमध्ये तोच प्रवाह हवेतून दोन-तीनदा जातो आणि तीन स्पीकर एकत्र वाजवले तर तेवढ्या पटीत वाढतो. ३२० किलोबिटचा प्रवाह अखंड चालतो आणि उच्च दर्जाचाच तुटतो, तर दोष वायफायचा आहे. दोन्ही तुटत असतील तर आधी सेवेचा सर्व्हर किंवा इंटरनेटची जोडणी तपासावी.

आपल्या बाबतीत मी पुढील क्रमाने जाईन. प्रथम फोन आणि ॲम्प्लिफायर यांचे पत्ते शेजारी लिहा आणि तिसरा आकडा जुळतो का पाहा. जुळत असेल तर घड्याळ लावून हरवण्याची वेळ मोजा. चार-पाच मिनिटे निघाली तर ॲम्प्लिफायरची तार मुख्य राऊटरमध्ये घालून तीच मोजणी पुन्हा करा. आता तो टिकला तर स्विचचे स्नूपिंग बंद करा. तरीही हरवला तर मेश संचाच्या प्रगत सेटिंगांत आयजीएमपीचे बटण शोधा. एका वेळी एकच बदल करा, तो लिहून ठेवा आणि फॅक्टरी रीसेट तोवर करू नका: रीसेटनंतर सगळे पुन्हा सुरू होते, नव्याने नोंद होते, चार मिनिटे उत्तम चालते आणि रीसेटने काम झाले असे वाटून आपण स्क्रू-ड्रायव्हर आवरून ठेवतो.